लाक्षागृहातली सहा प्रेतं

आदिपर्वातली लाक्षागृहाची गोष्ट आपल्याला पाठ असते. वारणावतातला लाखेचा वाडा, विदुराचा सावध करणारा निरोप, जमिनीखालचं भुयार, आग, आणि कुंतीसह पाचही पांडव सुखरूप बाहेर. सांगताना एक तपशील मात्र बहुतेक वेळा गळतो. त्या रात्री कुंतीनं अन्नदान केलं होतं. जेवणाच्या आशेनं एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांना घेऊन आली. ती सगळी जेवली, मद्य प्यायली आणि तिथंच झोपली. सकाळी राखेत एक बाई आणि पाच मुलगे जळालेले सापडले. हिशेब जुळला. पांडव मेले असं सगळ्यांनी धरून चाललं, हस्तिनापुरात शोक झाला आणि पांडवांचा माग काढायचं कुणाला कारणच उरलं नाही.

महाभारत त्या बाईला नाव देत नाही. काळानंच तिला तिथं आणलं असं म्हणतं आणि पुढे जातं.

पुराणकथा 'तिच्या' नजरेतून सांगणारी पुस्तकं सध्या भरपूर येतात. द्रौपदी, सीता, ऊर्मिला, कर्णाची बायको, अशा सगळ्या आता 'मी' म्हणून बोलतात. मी ती आवडीनं वाचते. पण दरवेळी वाचताना मला ही निषादी आठवते, कारण नव्यानं सांगितलेल्या या गोष्टींमध्येही बोलायची पाळी बहुधा राजवाड्यातल्या बाईचीच येते. तिच्यावर अन्याय झालाय, यात शंका नाही. पण तिच्या केसांना तेल लावणारी, तिच्या जागी शयनगृहात पाठवली जाणारी बाई नव्या पुस्तकातही दाराआडच उभी असते.

'तिच्या जागी पाठवली जाणारी' हे मी उगाच म्हणत नाही. व्यासांचं रूप पाहून घाबरलेल्या अंबिकेनं दुसऱ्या वेळी स्वतः न जाता दासीला आपले दागिने घालून पाठवलं. तिच्या पोटी विदुर जन्मला. महाभारतातल्या सर्वांत शहाण्या माणसाची ही आई, आणि तिचं नाव आपल्याला माहीत नाही. गांधारी गरोदर असताना धृतराष्ट्राच्या सेवेत असलेली वैश्य स्त्री युयुत्सूची आई झाली. तिचंही तेच.

शिवाय निवेदन बाईच्या हाती दिलं की गोष्ट तिची होतेच असं नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये १९६७ सालीच वृषाली स्वतः बोलते. पण तिच्या बोलण्याचं केंद्र कर्णच राहतो. चित्रा बॅनर्जी दिवाकरुणींच्या 'द पॅलेस ऑफ इल्यूजन्स'मधली द्रौपदी हुशार आहे, तिखट आहे, तरी तिच्या मनातली सर्वांत खोल जागा पुन्हा कर्णानंच व्यापलेली आहे. वाचायला मजा येते, पण जुन्या गोष्टीला धक्का बसत नाही.

धक्का बसतो तो महाश्वेतादेवींच्या 'कुंती ओ निषादी' या बंगाली कथेत. 'आफ्टर कुरुक्षेत्र' या छोट्या पुस्तकात तिचा अंजुम कत्याल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आहे. युद्ध संपलंय. धृतराष्ट्र आणि गांधारीसोबत कुंती अरण्यात राहायला आलीय. सरपण गोळा करताना ती मोठ्यानं आपल्या पापाची कबुली देते. पाप अर्थातच एकच, कर्णाला सोडून दिल्याचं. आसपास निषाद बायका वावरत असतात, पण त्यांना आपली भाषा कळत असेल असं तिच्या मनातही येत नाही. त्यांना ती कळते. त्यांच्यातली एक म्हातारी अखेर समोर येते आणि विचारते, तुला आणखी काही आठवत नाही का? लाक्षागृहात जळालेल्या त्या बाईची ती सून. कुंतीला खरंच काही आठवलेलं नसतं.

महाश्वेतादेवींची निवड इथं पाहण्यासारखी आहे. निषादीला आत्मकथन देणं सोपं होतं. तसं न करता त्यांनी कथा कुंतीजवळच ठेवली आणि कुंतीला ऐकायला लावलं. आपण आधी कुंतीच्या दुःखात रमतो, तिची कीव करतो, आणि मग लक्षात येतं की आपल्यालाही त्या सहा जणांची आठवण झाली नव्हती.

मराठी वाचकाला हे अरण्य ओळखीचं वाटेल. इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'मधल्या गांधारीवरच्या लेखातही हेच अरण्य आहे, हीच म्हातारी माणसं, हाच येऊ घातलेला वणवा. तिथं नवरा-बायको आयुष्यभराचा हिशेब एकमेकांपुढे मांडतात. डोळ्यांवरच्या पट्टीमागचा राग इरावतीबाईंनी ज्या संयमानं दाखवला, त्याला तोड नाही. पण तो हिशेब घरातल्या घरात मिटतो. महाश्वेतादेवींच्या अरण्यात बाहेरचं माणूस येऊन सांगतं की तुमच्या घराचं देणं आमच्याकडेही आहे. दोन्ही लेखन लागोपाठ वाचावं, असं मी आवर्जून सांगेन.

कथेत मला एक गोष्ट खटकते. निषादांचं जग फारच निर्मळ दाखवलंय. तिथं कुमारी मुलगी आपल्या आवडीच्या मुलापासून गरोदर राहिली तर लग्नाचा सोहळा होतो. विधवेच्या वाट्याला व्रतवैकल्यं येत नाहीत. राजवाड्याला नावं ठेवताना अरण्याला थोडं जास्तच गोंजारलं गेलंय. माणूस म्हणून मान्यता मिळायला निर्दोष असणं ही अट असू नये. त्यामानानं त्याच पुस्तकातली 'सौवाली' मला अधिक खरी वाटते. युयुत्सूची ही आई धृतराष्ट्राच्या मृत्यूनंतर विधवेचा शोक पाळायला नकार देते आणि पोटभर जेवते. तिच्यात कडवटपणा आहे, भूक आहे, मुलाबद्दलची तक्रारही आहे.

त्यामुळे असं नवं पुस्तक हाती आलं की नायिका किती बंडखोर आहे हे मी नंतर बघते. आधी बघते ते तिच्या वाड्यात स्वयंपाक कोण करतं, तिच्या सुटकेसाठी कोण मेलं, आणि ते तिला आठवतं का. कुंतीला आठवून द्यावं लागलं. ते ऐकून ती जागच्या जागी खचते. तोवर वणव्याचा वास येऊ लागलेला असतो, आणि तो ओळखता येणारे निषाद अरण्य सोडून निघालेले असतात.