कर्नल जेम्स स्किनरचें चरित्र : एक परीक्षण

जेम्स बेली फ्रेझर यानें लिहिलेलें कर्नल स्किनरचें द्विखंडी चरित्र १८५१ त लंडनास प्रसिद्ध झालें. चरित्रनायक १८४१ त हांसी येथें वारला होता. त्याच्याच आठवणींच्या आधारें एका स्नेह्यानें हा ग्रंथ रचिला आहे. तेव्हां गुणवर्णन अपेक्षितच. शिंद्यांच्या कवाइती फौजेविषयीं त्यांतील माहिती बहुमोल आहे. उणियाऱ्याच्या रणांत घायाळ पडलेल्या स्किनरास एका गरीब स्त्रीनें भाकरी व पाणी दिलें, तो प्रसंग तर विसरतां येत नाहीं.

आमचा मतभेद १८०३ च्या प्रकरणापुरता आहे. माता एतद्देशीय, म्हणून १७९१ च्या ठरावानें कंपनीच्या सैन्यांत स्किनरास अधिकारपद मिळणें शक्य नव्हतें. शिंद्यांनीं तें दिलें. युद्ध उपस्थित होतांच पेराँनें त्यास बडतर्फ केलें. राहूं द्यावें ही स्किनरची विनंतीही त्यानें मानली नाहीं. पुढें दिल्लीच्या लढाईनंतर कंपनीकडे आलेल्या शिंद्यांच्याच स्वारांनीं स्किनरास आपला नायक निवडलें, व अखेर तो हांसीच्या सरहद्दीवर जमीनदार होऊन राहिला.

फ्रेझर हें एका पुरुषाचें दैव म्हणून सांगतो. आम्हांस यांत राज्यरचनेचा दोष दिसतो. धनी दौलतराव दक्षिणेंत, आणि इमानी चाकर ठेवावा कीं काढावा याचा निर्णय पगारी परकीयाच्या हातीं! म्हणून हा ग्रंथ अभ्यासकांनीं अवश्य वाचावा; मात्र मराठी पत्रव्यवहाराशीं ताडून वाचावा.

कोथरूड, पुणें.