शाहबानो निकालपत्र : न्याय आणि भाषा

मोहम्मद अहमद खान विरुद्ध शाहबानो बेगम या खटल्याचा उल्लेख राज्यशास्त्राच्या व समाजशास्त्राच्या वर्गात हमखास होतो. निकालपत्र मात्र मुळातून क्वचितच वाचले जाते. विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो तो निकालानंतरचा वाद. एक पक्ष या निकालाला क्रांती म्हणतो, दुसरा धर्मातील ढवळाढवळ म्हणतो, आणि अर्जदार स्त्रीची साधी मागणी दोन्हीकडे हरवते. न्यायालयाने काय ठरविले आणि ते कोणत्या भाषेत सांगितले, हे दोन प्रश्न वेगळे ठेवून या निकालपत्राची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ मागणी

शाहबानो इंदूरच्या. विवाह १९३२ मधला, अपत्ये पाच. पती व्यवसायाने वकील. १९७५ मध्ये त्यांना घराबाहेर काढण्यात आले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दरमहा ५०० रुपये पोटगी मागितली. ६ नोव्हेंबर १९७८ रोजी पतीने तलाक दिला. ऑगस्ट १९७९ मध्ये मॅजिस्ट्रेटने दरमहा २५ रुपये मंजूर केले. जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ही रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. सर्वोच्च न्यायालयात अपील केले ते पतीने, शाहबानो यांनी नव्हे. एवढी एक गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली, तरी अनेक गैरसमज दूर होतात.

युक्तिवादाचे बळ

सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २३ एप्रिल १९८५ रोजी अपील फेटाळले. निकालाचा कायदेशीर गाभा भक्कम आहे. कलम १२५ निराधारपणा टाळण्यासाठी आहे; ते धर्म पाहत नाही; 'पत्नी' या शब्दाच्या व्याख्येत घटस्फोटित स्त्रीही येते. मेहर देऊन टाकल्याने पोटगीची जबाबदारी संपते, हा पतीचा बचाव होता. मेहर हे विवाहामुळे येणारे देणे आहे, तलाकमुळे येणारे नव्हे, असे सांगून न्यायालयाने तो नाकारला.

यात फारसे नवीन नव्हते. बाई ताहिरा (१९७९) आणि फझलुनबी (१९८०) या खटल्यांत न्या. कृष्ण अय्यर यांनी मुस्लिम घटस्फोटितेला याच कलमाचा आधार दिला होता. त्या वेळी देशव्यापी वादळ उठले नाही. मग १९८५ मध्ये का उठले? राजकीय परिस्थिती हे एक कारण निश्चितच होते. पण निकालपत्राची भाषाही त्याला जबाबदार होती.

भाषेचा दोष

निकालपत्राच्या आरंभीच स्त्रीच्या स्थितीविषयी मनूचे वचन येते आणि त्यापाठोपाठ एडवर्ड लेन या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकाचा इस्लामवरील आक्षेप येतो. दोन्ही धर्मपरंपरा एकाच मापाने मोजल्या, असा बचाव यावर करता येईल. परंतु अपिलाच्या निर्णयासाठी यांपैकी कशाचीच गरज नव्हती. निकाल स्वीकारण्याची ज्यांच्याकडून अपेक्षा, त्यांच्या श्रद्धेवरील परकीय शेरा प्रथम वाचावयास देणे हे न्यायाच्या हिताचे ठरले नाही.

सूरा अल-बकरातील आयत २४१ च्या चर्चेबद्दल मात्र न्यायालयाला दोष देता येत नाही. पती आणि मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड यांनीच शरियतचा आधार घेतला होता. त्याला उत्तर देणे क्रमप्राप्त होते. शेवटी येणारा समान नागरी कायद्याचा परिच्छेद तसा नाही. अनुच्छेद ४४ कागदावरच राहिल्याची खंत व्यक्त करून न्यायालयाने त्याची सांगड राष्ट्रीय एकात्मतेशी घातली. तो प्रश्न अपिलात नव्हताच. एका वृद्ध स्त्रीच्या पोटगीवर राष्ट्राच्या एकात्मतेचा भार पडला आणि तिचा हक्क दोन समुदायांच्या प्रतिष्ठेचा विषय झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस शाहबानो यांनी जाहीर पत्राद्वारे निकालाचा लाभ नाकारला. भाषेची किंमत कोणाला मोजावी लागली, हे यावरून स्पष्ट होते.

१९८६ चा कायदा : वाचनाचा धडा

पुढे संसदेने मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा, १९८६ संमत केला. निकाल पुसला गेला, असा सार्वत्रिक समज झाला. प्रत्यक्ष कलम ३ मध्ये मात्र 'वाजवी व न्याय्य तरतूद आणि पोटगी' इद्दतीच्या मुदतीत करावी व द्यावी, असे म्हटले आहे. मुदतीत आणि मुदतीपुरती या दोहोंत मोठे अंतर आहे. गुजरात उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २००० मध्ये हे अंतर ओळखले. शाहबानोंचे वकील दानियाल लतिफी यांनी या कायद्याला दिलेल्या आव्हानावर सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २००१ रोजी निर्णय दिला. कायदा वैध ठरला. पण तरतूद इद्दतीत करावयाची असली, तरी ती स्त्रीच्या पुढील आयुष्याचा विचार करूनच करावी लागेल, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. हा निर्णय धर्मावर शेरे मारीत नाही. तो शब्द वाचतो, आणि स्त्रीला अधिक देऊन जातो.

तेलंगणातून आलेल्या मोहम्मद अब्दुल समद खटल्यात १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्टता आणली. १९८६ च्या कायद्यामुळे कलम १२५ चा मार्ग बंद होत नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला दोन्ही मार्ग खुले आहेत. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे.

समारोप

समाजपरिवर्तनासाठी कायदा हवाच. परंतु ज्या समाजात परिवर्तन घडवायचे, त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून ते घडत नाही. त्याचप्रमाणे भाषा बोचली म्हणून हक्कच नाकारणे हाही न्याय नव्हे. ही दुसरी चूक आपल्या समाजातील अनेक धुरीणांकडून झाली, हे मान्य करावे लागेल. शिक्षकांनी १९८५ चे निकालपत्र, १९८६ चे कलम ३ आणि २००१ चा निर्णय हे तीन मजकूर शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यावेत. आपल्या वर्गांतील कित्येक मुलींना उद्या या कलमांची गरज पडू शकते. त्यांना वादाचा इतिहास माहीत असण्यापेक्षा अर्ज कोणत्या कलमाखाली, कोठे करावयाचा, हे माहीत असणे अधिक मोलाचे आहे.