शालेय विज्ञानातील कर्करोगाची भाषा

पाठ्यपुस्तकाची समीक्षा करावयाची म्हणजे त्यातील माहिती बरोबर आहे की चूक एवढेच पाहावयाचे, अशी आपल्याकडे समजूत आहे. परंतु माहिती बरोबर असूनही ती विद्यार्थ्यापर्यंत न पोहोचणे, किंवा पोहोचून भलताच अर्थ धारण करणे, हाही पाठाचा दोषच होय. आणि तो शोधण्याचे काम विषयतज्ज्ञाइतकेच भाषेच्या अभ्यासकाचेही आहे. माध्यमिक शाळेच्या विज्ञानात कर्करोग व त्याचे निवारण ह्यांविषयी जे शिकविले जाते, त्याचा प्रस्तुत लेखात ह्या एकाच दृष्टीने विचार करावयाचा आहे. वैद्यकाचा मी अधिकारी नाही, आणि तसा अधिकार येथे मिरविण्याचा हेतूही नाही.

हा विषय निव्वळ परिभाषेच्या चर्चेचा नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. 2019 साली भारतात 13 ते 15 वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांचे जे तंबाखू-सर्वेक्षण झाले, त्यात 8.5 टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत असल्याचे आढळले. धूरविरहित तंबाखू कधी तरी वापरलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी, म्हणजे 52 टक्क्यांनी, वयाची दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच तिची चव घेतली होती. म्हणजे आठवीच्या वर्गात शिक्षक ह्या विषयाला हात घालतात तेव्हा समोरच्या काही मुलांची तंबाखूशी ओळख तीन-चार वर्षांची जुनी असते. पाठाची भाषा मात्र ‘पुढे कधी तरी येणाऱ्या मोहापासून सावध राहा’ अशी असते. श्रोता कोण आहे हेच जर वक्त्याने चुकीचे गृहीत धरले, तर पुढील वाक्ये कितीही शुद्ध असली तरी त्यांचा उपयोग काय?

महाराष्ट्रात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत कर्करोगाचा परिचय इयत्ता आठवीच्या ‘आरोग्य व रोग’ ह्या पाठात असंसर्गजन्य रोगांमध्ये करून दिला आहे. पेशींची अनियंत्रित आणि अपसामान्य वाढ ही व्याख्या, मग कारणे, लक्षणे, निदान, उपचार असा त्याचा क्रम आहे. पेशी मुळात विभागते कशी, हे मात्र दहावीत येते. व्यसनांचा प्रश्न त्याच वर्षी ‘सामाजिक आरोग्य’ ह्या पाठात येतो. पेशीविभाजन ठाऊक नसताना ‘अनियंत्रित विभाजन’ समजावून घ्यावयाचे, आणि ते ठाऊक होईल तेव्हा कर्करोगाचा धडा दोन वर्षे मागे पडलेला असावयाचा, असा हा योग आहे. रचनेतील ह्या अंतरामुळे आठवीतील व्याख्या विद्यार्थ्याला पाठच करावी लागते. तिच्यातील ‘वाढ’ हा शब्द घ्या. तेरा वर्षांच्या मुलाच्या कानाला ‘वाढ’ हा शब्द शुभ आहे. त्याची स्वतःची वाढ चालू आहे, आणि घरीदारी तिचे कौतुक होत आहे. नियंत्रण सुटलेली वाढ म्हणजे काय, हे कळण्यासाठी निरोगी शरीरात पेशींना थांबण्याची आणि मरण्याचीही आज्ञा असते, ती आज्ञा जनुकांत असते, आणि जनुकांत एकामागून एक बिघाड साचत गेले म्हणजे ती पाळली जात नाही, हे सांगावे लागेल. एवढे चार वाक्यांत सांगता येते. ते सांगितले म्हणजे कर्करोग बहुधा उतारवयात का दिसतो आणि त्याची बीजे कोवळ्या वयात का पडू शकतात, ह्या दोन्ही गोष्टींचा उलगडा एकदम होतो.

शब्दांविषयी थोडे. ‘कर्करोग’ हा शब्द पाश्चात्त्य संज्ञेचे भाषांतर आहे. ग्रीक वैद्यांनी ह्या रोगाला खेकड्याचे नाव दिले, लॅटिनने ते उचलले, आणि आपण ‘कर्क’ हा आपला खेकडा त्या जागी बसविला. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अर्बुद’ ही संज्ञा आहेच; तिला आपण गाठीपुरते ठेवले. ह्यात आक्षेपार्ह काही नाही. अडचण आहे ती अशी की, बोलीत हा रोग ‘कॅन्सर’ आहे, किंवा नाव न घेता ‘तो आजार’ आहे. ‘कर्करोग’ आहे तो केवळ पुस्तकात. ज्या मुलीच्या आत्याला ‘कॅन्सर’ झाला होता तिला ‘कर्करोग’ ह्या शीर्षकाखालचा मजकूर आपल्या घरचा वाटतोच असे नाही. शिक्षकाने दोन्ही शब्द एकाच वाक्यात एकदा उच्चारले तरी हे अंतर मिटेल. परंतु भाषाशुद्धीचा आपला आग्रह कित्येकदा तेवढेही करू देत नाही. ‘दुर्दम्य’ ह्या शब्दाची कथा याहून गमतीची आहे. घातक गाठीला हे विशेषण लावले जाते. मराठी वाचणाऱ्या मुलाने तो शब्द आजवर कोठे पाहिला असेल? ‘दुर्दम्य इच्छाशक्ती’ आणि ‘दुर्दम्य आशावाद’ ह्यांत! गौरवाचा शब्द रोगाच्या अंगावर चढविल्यावर त्याचा धाक तो काय राहणार?

आता ह्या पाठातील सर्वांत महत्त्वाच्या वाक्याकडे वळतो. ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो.’ विधान सत्य आहे. तरीही वर्गातील एखादा चुणचुणीत मुलगा ते एका क्षणात खोडून काढतो : ‘आमच्या आजोबांनी जन्मभर तंबाखू खाल्ली, त्यांना काही झाले नाही.’ येथे शिक्षक बहुधा रागावतात, किंवा आजोबांना नशीबवान ठरवून पुढे जातात. वस्तुतः त्या मुलाचा तर्क व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मराठीतील ‘-मुळे’ हे शब्दयोगी अव्यय कार्यकारणाचे अनेक प्रकार एकाच रूपात व्यक्त करते. ‘उष्णतेमुळे बर्फ वितळतो’ ह्यात कार्य अटळ आहे. ‘पावसामुळे उशीर झाला’ ह्यात ते एका प्रसंगापुरते आहे. ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ ह्यात ते समूहाविषयीचे आहे : हजार जण खाणारे आणि हजार न खाणारे घेतले, तर पहिल्या हजारांत रोगी कितीतरी अधिक निघतील, परंतु ते कोणते हे आधी सांगता येणार नाही. त्यात पुन्हा ‘होतो’ हा साधा वर्तमानकाळ. तो नित्य सत्याचा काळ आहे. विज्ञानाच्या पुस्तकात मुलाने तो नेहमी बर्फ आणि उष्णता ह्यांच्या संदर्भातच वाचलेला असतो. म्हणून एक अपवाद सापडताच त्याला सारा सिद्धांत कोसळल्यासारखा वाटतो.

काही लेखक ह्यावर ‘होऊ शकतो’ असा उपाय करतात. तो मला अपुरा वाटतो, किंबहुना अधिक घातक वाटतो. ‘होऊ शकतो’ म्हणजे ‘होणारही नाही’ असे ऐकण्याची सोय त्यात आहे, आणि कोवळ्या वयाचा श्रोता ती सोय घेतोच. खरा उपाय व्याकरणात सापडणारा नाही. तो संख्येत आहे. दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे. तेथे नाणी उडतात, फासे पडतात, पत्त्यांच्या जोडातून राजा किंवा राणी निघते. शेजारच्या तासाला ज्या वस्तूवर पोराचे प्राण अवलंबून आहेत तिच्यासाठी ह्या प्रकरणाचा कोणी उपयोग करीत नाही. आजोबा वाचले ते फाशावर हवा तो अंक पडला म्हणून, आणि नातवाने तोच फासा टाकण्यात शहाणपण नाही, हे सांगावयास गणिताचा शिक्षक विज्ञानाच्या शिक्षकाहून अधिक योग्य ठरेल.

ह्याच संदर्भात एक ऐतिहासिक उदाहरण पाठात यावयास हवे होते. 1775 साली पर्सिव्हल पॉट ह्या इंग्रज शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या अंडकोषाच्या त्वचेच्या कर्करोगाचे कारण काजळी हे असल्याचे नोंदविले. धुराड्यांत उतरविली जात ती लहान पोरे. रोग उमटे तो बहुधा ती मोठी झाल्यावर. बालपणीचा संसर्ग आणि प्रौढपणीचे फळ ह्यांतील अंतर ह्याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण मला ठाऊक नाही. अवयवाचे नाव घेण्याचा संकोच आड येत असेल, तर तो संकोच किती महाग पडतो ते पुढे दिसेलच.

‘तंबाखू’ ह्या शब्दाच्या व्याप्तीचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. 2016–17 च्या प्रौढांच्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के, तर धूम्रपान करणारे केवळ 3.8 टक्के होते. असे असूनही जागृतीच्या चित्रांत बहुधा जळती सिगारेटच दिसते. तेही बाजूला ठेवू. मराठीत तंबाखू ‘खातात’, ‘मळतात’, तिचा ‘बार भरतात’. पण मशेरी ‘लावतात’. क्रियापद बदलले की वस्तूची जात बदलते. मशेरी ही भाजलेली तंबाखूच आहे; परंतु ती दातांना लावावयाची असल्यामुळे भाषेने तिला दंतमंजनाच्या घरात बसविले आहे. ‘तुमच्या घरी कोणी तंबाखू खाते काय?’ ह्या प्रश्नाला, आजी रोज सकाळी मशेरी लावीत असता, नात ‘नाही’ असे उत्तर देईल, आणि ते खोटे नसेल. विदर्भात ‘खर्रा’, पश्चिम महाराष्ट्रात ‘मावा’ ही नावे तर तंबाखूचा उल्लेखही करीत नाहीत. सुपारीची गोष्ट ह्याहून अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारी स्वतंत्रपणे, तंबाखूची जोड नसतानाही, मानवी कर्करोगाचे कारण म्हणून पहिल्या गटात घातली आहे. आपल्या भाषेत मात्र सुपारी मंगलकार्याची, पूजेची, आमंत्रणाची. ‘तंबाखू टाळा’ एवढेच शिकलेला मुलगा सुगंधी सुपारीची पुडी निर्धास्तपणे फोडील, कारण त्याने धडा तंतोतंत पाळलेला असेल. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. परंतु बंदी घातलेल्या नावाखेरीज इतर नावांविषयी पाठ मुका राहिला, तर शब्द बंद होतो, वस्तू चालू राहते.

आणखी एक वर्गीकरण तपासावयास हवे. रोग संसर्गजन्य व असंसर्गजन्य अशा दोन रकान्यांत लिहावयाचे आणि कर्करोग दुसऱ्या रकान्यात टाकावयाचा, ही पद्धत सोयीची आहे. रोग्याजवळ बसल्याने तो जडत नाही, हे त्यातून कळते, आणि ते कळणे आवश्यकच आहे. पण गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी मानवी पॅपिलोमा विषाणूंमुळे उद्भवतो. हा संबंध दाखविल्याबद्दल हाराल्ट त्सुर हाउझेन ह्यांना 2008 साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. यकृताच्या कर्करोगामागे कावीळ-ब चा विषाणू असतो, जठराच्या कर्करोगामागे एक जिवाणू. ज्या विद्यार्थिनीने कर्करोग ‘असंसर्गजन्य’ असे परीक्षेत लिहून गुण मिळविले, तिला त्याविरुद्ध लस कशी असू शकते, हे कसे पटावे? ही लस नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना द्यावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, म्हणजे नेमक्या ह्याच वर्गांतील मुलींना. आणि पुण्यातील सीरम संस्थेने बनविलेल्या लशीला 2022 साली भारतात परवानगी मिळाली. तेव्हा हा रकान्याचा घोळ शैक्षणिक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. दुसरी एक गोष्ट सांगितल्यास वर्गात कुतूहल नक्कीच जागे होईल : कावीळ-ब ची लस 2011 पासून देशभरच्या नित्य लसीकरणात आहे, म्हणजे समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी कर्करोग टाळणारी एक लस तान्हेपणीच घेतलेली असावी.

येथेच संकोच आडवा येतो. ‘गर्भाशयमुख’ हा शब्द अचूक आहे, पण त्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही. बायकांच्या बोलण्यात ‘पिशवी’ आणि ‘पिशवीचे तोंड’ असे शब्द आहेत, ते पुस्तकाला ग्राम्य वाटतात. मग मुलांना मैदानावर पाठवून मुलींना दबक्या आवाजात काही सांगितले जाते. मराठवाड्यातील उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 30 ते 59 वर्षांच्या सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांना सामावून घेणारा एक मोठा अभ्यास झाला. विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने ह्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हा त्याचा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध होऊन जगभर गेला. खेड्यापाड्यांतील त्या स्त्रियांशी कोणी तरी कोणत्या तरी मराठीत बोलले असणारच. ते मराठी शाळेच्या पुस्तकात का येऊ नये?

शेवटचा मुद्दा ‘प्रतिबंध’ ह्या शब्दाचा. व्यवहारात हा शब्द मनाईचा आहे : प्रवेशास प्रतिबंध, सभेस प्रतिबंध. म्हणून ‘कर्करोगाचा प्रतिबंध’ ह्या मथळ्याखाली निषेधांची यादी येते, आणि विज्ञानाचा तास नकळत नीतिपाठाचा होतो. ‘टाळणे’ हे साधे क्रियापद वापरले, तर ‘कशाने टळतो?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि तो विज्ञानाचा प्रश्न आहे. उदाहरणार्थ, तंबाखूत चुना का घालतात? आम्ल-आम्लारी शिकविताना चुन्याच्या निवळीत लाल लिटमस निळा करून दाखविलेला असतोच. त्याच तासाला सांगता येईल की, आम्लारिधर्मी माध्यमात निकोटीन मुक्त रूपात येऊन तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने शोषले जाते. चुना चवीसाठी नसून सवय पक्की होण्यासाठी कामी येतो. सुपारीने तोंडाचे अस्तर ताठरून जबडा उघडेनासा होतो. आपली स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांच्या मधे जातात की नाही, हे प्रत्येक मुलगा बाकावर बसल्या बसल्या पाहू शकतो. ह्या प्रयोगाला उपकरण लागत नाही, आणि ज्याची बोटे जात नाहीत त्याला त्या दिवशी वर्गासमोर काही न बोलता दंतवैद्याकडे कसे पाठवावे, ह्याविषयीच्या दोन ओळी शिक्षकहस्तपुस्तिकेत असाव्यात.