मोदकाच्या कळ्या कोण पाडत होतं?

परदेशी राहणाऱ्या भारतीय कुटुंबांवर संशोधन-प्रस्ताव लिहायला बसलात की पहिल्याच पानावर एक वाक्य आपोआप उमटतं : 'सणांच्या माध्यमातून या कुटुंबांनी आपली संस्कृती जतन केली.' माझ्याही प्रस्तावात ते होतं. मार्गदर्शकांनी 'जतन'भोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि शेजारी एकच शब्द लिहिला : 'कोणी?' मला वाटलं, वाक्यरचनेबद्दल म्हणताहेत. कर्ता तर होता की वाक्यात! त्या शब्दाचा अर्थ कळायला बरेच महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

माझा विषय लागोस, नायजेरिया. तिथे काही वर्षं नोकरीनिमित्त राहून पुण्यात परतलेली मराठी कुटुंबं. अशा अभ्यासात सगळ्यात आधी हाताशी येतो तो एरिक कोहेन यांचा 1977चा 'एक्स्पॅट्रिएट कम्युनिटीज' हा दीर्घ निबंध. परदेशी नोकरदार आपापला क्लब, शाळा, ओळखीचे शेजारी असा एक बुडबुडा भोवती तयार करून त्यात राहतात, अशी त्यातली प्रतिमा आहे. ती इतकी सोपी आहे की तुमच्या मुलाखतींतलं काहीही त्यात बसतं. कंपनीचं घर? बुडबुडा. फाटकावरचा रखवालदार, आवारातला जनरेटर, भारतीय किराणा? बुडबुडाच. दिवाळीला सुट्टी नसते म्हणून शनिवार-रविवार गाठून हॉलमध्ये केलेला कार्यक्रम? तोही. जी संकल्पना कशालाच नाही म्हणत नाही, तिच्याबद्दल जरा संशय घ्यायला हवा. आन-माइके फेख्टर यांनी जकार्तातल्या परदेशी नोकरदारांवरच्या पुस्तकात (2007) हा बुडबुडा आपोआप तयार होत नाही, तो रोज राखावा लागतो, हे दाखवलंय. कोहेन वाचलात की लगेच ते वाचा, मध्ये महिना जाऊ देऊ नका.

आता सिनेमाकडे. 'नमस्ते वहाला' (2021, नेटफ्लिक्स) तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. वहाला म्हणजे नायजेरियन पिजिनमध्ये कटकट, भानगड. लागोसमधला भारतीय बँकर राज आणि तिथली वकील दीदी यांचं प्रेम, दोन्ही घरांचा विरोध, मग समेट. सिनेमा म्हणून बेताचाच आहे. विनोद लांबतात, गाणी मध्येच येतात. पण अशा विषयावरच्या प्रबंधांत त्याचा उल्लेख 'सांस्कृतिक संगमाचा पुरावा' म्हणून करायचा मोह होतो. मलाही झाला होता. तो पुरावा कशाचा आहे, ते नीट पाहा. दिग्दर्शिका हमिशा दरयानी आहुजा स्वतः लागोसमध्ये वाढलेल्या. तिथल्या भारतीय घराचा दिवाणखाना, पाहुण्यांची ऊठबस, स्वयंपाकघरातली बोली, हे सगळं त्यांना आतून माहीत असणार. आणि तरीही कथेतला मुख्य भारतीय विरोध करते ती भारतातून विमानानं आलेली आई! म्हणजे पूर्वग्रह बाहेरून आला, सामानाबरोबर. लागोसमध्येच मुरलेलं भारतीय घर, ज्याला वर्षानुवर्षं शेजारी आणि नोकर नायजेरियन आहेत पण सून नायजेरियन नको आहे, ते कथेच्या केंद्रात येतच नाही. आईला दोषी केलं की शहरातल्या भारतीयांना कोणी काही विचारत नाही. मला हा सिनेमातला सगळ्यात बोलका भाग वाटतो, जो त्यात नाही तो. समेटाचा गोडवा पुरावा म्हणून वापरण्याआधी हे वगळणं नोंदवा.

माझ्या मुलाखतींत असंच काहीतरी वगळलं जात होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका काकूंनी लागोसच्या फ्लॅटमधल्या गणपतीचा फोटो दाखवला. मखर, आरतीला जमलेली चार-पाच कुटुंबं, बायकांच्या नऊवारी. फोटोच्या उजव्या कडेला एक हात, मनगटापर्यंतच आलेला, आणि हातात मोदकांचं ताट. हा हात कोणाचा, मी विचारलं. "तो होय? आमचा स्टुअर्ड. जॉन म्हणायचो आम्ही, नाव वेगळंच होतं काहीतरी. कोटोनूचा होता." पश्चिम आफ्रिकेत घरकाम आणि स्वयंपाक करणाऱ्याला स्टुअर्ड म्हणतात. पुढचं वाक्य काकूंनी सहज, फोटो परत अल्बममध्ये सरकवता सरकवता सांगितलं : "कळ्या तोच पाडायचा. माझ्या फुटायच्या. आधी कोकणातली एक बाई होती तिथे, तिच्याकडे शिकला. आम्ही निघालो तेव्हा नव्या लोकांना मी सांगितलंच, मोदक येणारा माणूस आहे, सोडू नका."

आता हे मांडून पाहा. तीन कुटुंबं, एकामागून एक, तीन-चार वर्षांनी बदलणारी. त्या शहरातल्या त्या घरात मोदकाची कळी टिकली ती एका बेनिनच्या माणसाच्या बोटांत. 'जतन कोणी?' या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेपवर होतं आणि मी ते 'इतर माहिती' या रकान्यात टाकलं होतं.

शिवाय तो माणूसही नायजेरियात परदेशीच! 1979च्या करारानं इकोवासच्या देशांतल्या नागरिकांना एकमेकांकडे येण्याजाण्याची मोकळीक दिली, त्या वाटेनं बेनिन-टोगोतले कितीतरी लोक लागोसला कामाला येतात. एका घरात दोन परदेशी, पण 'एक्स्पॅट' एकच. हा शब्द राष्ट्रीयत्वावरून ठरत नाही, पगार आणि हुद्द्यावरून ठरतो. प्रस्तावात तो शब्द वापरणार असाल तर कोणाला लावताय आणि कोणाला नाही, हे पहिल्या प्रकरणातच कबूल करा. गंमत अशी की नायजेरियात परदेशी माणूस नेमायला कंपनीला सरकारकडून 'एक्स्पॅट्रिएट कोटा' घ्यावा लागतो आणि त्याच्या हाताखाली काम शिकायला स्थानिक अंडरस्टडी ठेवण्याची अट असते. ऑफिसात कायद्यानं लादलेली गोष्ट घरात कायद्याशिवाय घडत होती. फक्त तिची नोंद कोणत्याच कागदावर नव्हती.

याच्या शेजारी आल्बर्ट काफुई वुआकू यांचं 'हिंदू गॉड्स इन वेस्ट आफ्रिका' (2013) ठेवून वाचा. घानामधल्या शिव आणि कृष्णभक्तांवरचं हे पुस्तक आपल्याकडे 'भारतीय डायस्पोरा'च्या प्रकरणात एखादी नवलाची तळटीप म्हणून घेतात. ते चूक आहे. अक्रातल्या मठाचे प्रमुख स्वामी घनानंद सरस्वती घानाचेच होते आणि त्यांचे भक्तही. तिथे पूजा चालू राहायला कोणाची बदली होऊन यावी लागत नाही. हे पुस्तक भक्तांबद्दल आहे, माझा स्टुअर्ड भक्त नव्हता, पगारी होता. दोघांना एका माळेत ओवू नका, ही चूक मी दुसऱ्या खर्ड्यात केली. पण सण म्हटलं की भारतीय माणूसच कर्ता, ही सवय ते पुस्तक मोडतं.

तेव्हा मुलाखतीला जाताना 'सण कसा साजरा करायचात?' हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा : नारळ कोण खवायचं? भांडी रात्री किती वाजेपर्यंत चालायची? त्या दिवशीचे पैसे वेगळे दिले का? फोटो कोणी काढला? पहिल्या दहा मिनिटांत लोक थोडे नाराज होतात, हे धरून चला. काकूही झाल्या. "आम्ही त्याला घरच्यासारखंच वागवलं हो," असं दोनदा म्हणाल्या, मी तसं काही विचारलं नसताना. ते वाक्य मी आता रकाना बदलून मुख्य नोंदींत घेतलंय. त्याचं खरं नाव मात्र अजून मिळालेलं नाही. काकूंच्या नंतर त्या फ्लॅटमध्ये आलेलं कुटुंब नाशिकला असतं, पुढच्या महिन्यात तिकडे जातेय.