वेताळ : देवळातला आणि चित्रकथेतला

चित्रकथा हा शब्द वाङ्मयचर्चेत उच्चारला, की आपल्याकडील सुविद्य माणसाच्या कपाळावर आठी उमटते. चौकटीत कोंबलेली चित्रे, फुग्यात कोंबलेली वाक्ये आणि मुठी आवळलेला एक अचाट पुरुष, यापलीकडे त्यात आहे तरी काय, असा त्याचा प्रश्न असतो. आमच्या शालेय वयात एका गुरुजींनी आमच्याकडील असे दोन अंक जप्त केले होते. मधल्या सुटीत तेच गुरुजी ते अंक तल्लीन होऊन वाचीत असल्याचे आम्ही खिडकीतून पाहिले. त्या दिवसापासून या वाङ्मयप्रकाराविषयीच्या जाहीर तिटकाऱ्यावर आमचा फारसा विश्वास राहिलेला नाही. आम्ही या कथा आवडीने वाचल्या आहेत व अजून वाचतो. प्रस्तुत लेखात त्यांची कैफियत मांडण्याचा किंवा त्यांवर फिर्याद करण्याचा आमचा हेतू नाही. पेडणे-डिचोलीच्या वाचकाला या कथांकडे पाहण्याची जी एक खास जागा लाभली आहे, तिथून त्या कशा दिसतात, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स ही माला सुरू केली, आणि ती १९९०पर्यंत चालली. इंग्रजीबरोबरच हिंदी, मराठी आदी भाषांतून तिचे अंक निघत. तिचा प्रमुख नायक म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’. मराठी अनुवादात याच नायकाचे नाव ‘वेताळ’ झाले. कालाचा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. १९६१च्या मुक्तीनंतर गोमंतकाच्या खेड्यापाड्यांतून मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि कित्येक घरांत पहिल्यांदाच अक्षर वाचणारे मूल दिसू लागले. त्याच दशकात हा रंगीत वेताळ त्यांच्या हाती पडू लागला. वाचनाची गोडी पाठ्यपुस्तकांनी लावली की या अंकांनी, याचा प्रामाणिक हिशेब कुणी मांडला, तर पाठ्यपुस्तकांची बाजू वरचढ ठरेलच अशी ग्वाही आम्ही देणार नाही.

आता नावाचा विचार करू. पुण्या-मुंबईच्या वाचकाला वेताळ म्हटले की स्मशान आठवते, नाहीतर विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत आठवते. मराठीत १९५२पासून निघू लागलेल्या ‘चांदोबा’ने हा दुसरा वेताळ घरोघर नेला. झाडावरून काढलेले प्रेत खांद्यावर टाकून, हाती तलवार घेऊन चाललेला राजा, हे शंकर या चित्रकाराचे चित्र ज्याच्या डोळ्यांपुढे नाही असा त्या पिढीचा वाचक विरळा. तो वेताळ प्रश्न विचारणारा होता. आमच्या भागातला वेताळ मात्र वेगळा. डिचोली तालुक्यात आमोणे येथे बेताळाचे देऊळ आहे. सीमेपलीकडे वेंगुर्ले तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे. हा वेताळ गावाचा राखणदार असून गावाने त्याला भिण्याइतकेच त्याच्यावर विसंबून राहावे, असा त्याचा लौकिक आहे. म्हणून मराठी अनुवादकाने ‘फँटम’ला वेताळ म्हटले, तेव्हा इतरत्र एक चमत्कारिक नाव रूढ झाले असेल. आमच्याकडे तर ओळखीच्या माणसाचे नाव परक्याला दिल्यासारखे झाले.

अनुवादकाने हे समजून केले की सहज, ते ठरवण्याची गरज नाही. त्याचा नेम बिनचूक लागला, एवढे खरे. ली फॉकचा नायक कवटीच्या आकाराच्या गुहेत राहतो, आणि त्याच्या ठोशानंतर दुष्टाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते. गोमंतकातील बेताळाच्या जुन्या पाषाणमूर्तींच्या गळ्यातही कवट्यांची माळ असते. पण हे साम्य वरवरचे झाले. खरे साम्य याहून खोल आहे. चित्रकथेतल्या वेताळाला लोक अमर समजतात. वस्तुतः बाप मेला की मुलगा तोच वेष, तोच मुखवटा चढवतो, आणि चालू कथांतला वेताळ हा त्या वंशातला एकविसावा पुरुष आहे. वाचकाला हे गुपित ठाऊक असते, कथेतल्या लोकांना नसते. या कल्पनेतली मौज पेडण्याच्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही. देवाचा अवसार ज्याच्या अंगात येतो तो माणूस पिढीगणिक बदलतो, अवसार बदलत नाही, हे त्याने उत्सवात पाहिलेले असते. काल ज्याचा बाप तरंग घेऊन नाचला, तो आज स्वतः नाचतो. देह नश्वर आणि पद चिरंतन, ही कल्पना त्या मुलाला अमेरिकेहून यावी लागली नाही.

इथवर सारे जुळते. यापुढे मात्र न जुळणारे सुरू होते, आणि आमच्या मते विचार करण्याजोगा भाग हाच आहे.

पहिल्या वेताळाची जन्मकथा १५३६ साली घडते. पूर्वेकडच्या समुद्रात चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक युरोपीय तरुण किनाऱ्याला लागतो, रानातले लोक त्याला जगवतात, आणि पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो चाचेगिरी व अन्याय यांच्या नाशाची शपथ घेतो. गोमंतकीय वाचकाने या सालापाशी क्षणभर थांबावे. १५१० साली अल्बुकर्कने गोवा बेट घेतले. १५४०नंतर तिसवाडीतली आणि पुढे बारदेस-सासष्टीतली देवळे पाडली गेली. ज्यांना शक्य झाले त्यांनी आपले देव नदीपार हलवले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला आला, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. पेडणे, डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोर्तुगीज अमलाबाहेर होते, म्हणूनच हे घडू शकले. म्हणजे ज्या शतकात समुद्रावरून आलेल्या गोऱ्या माणसांनी आमच्या राखणदारांना गावाबाहेर काढले, त्याच शतकात, चित्रकथेच्या सृष्टीत, समुद्रावरून आलेला एक गोरा माणूस राखणदार होऊन बसला. आणि मराठीत आल्यावर त्याला आमच्याच परागंदा देवाचे नाव मिळाले.

यात कुणाचा कट होता असे आम्ही म्हणत नाही. कथा रचताना ली फॉकच्या मनात गोवा असण्याचे कारणच नव्हते. इकडच्या संपादकांना मात्र काहीतरी टोचले असावे. मूळ कथेतल्या देशाच्या नावात बंगालचा भास होता, म्हणून इंद्रजालमध्ये त्याचे ‘डेंकाली’ झाले, आणि चाच्यांच्या टोळीच्या नावातला ‘सिंग’ जाऊन तिथे ‘सिंगा’ आला. नावे अशी काळजीपूर्वक बदलली गेली. पण रक्षक आणि रक्षित यांच्यातले नाते मुळात होते तसेच राहिले, कारण ते नाव बदलून बदलत नाही.

ते नाते काय आहे, हे आमच्या वेतोबाशेजारी ठेवल्यावरच दिसते. आरवलीच्या वेतोबाला भाविक केळीचे घड आणि भल्या मोठ्या चामडी चपला अर्पण करतात. देव रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. या श्रद्धेत एक अतिशय व्यवहारी तत्त्वज्ञान दडलेले आहे. रक्षण हे श्रमाचे काम आहे, श्रमाने झीज होते, आणि ती झीज भरून देणे हे गावाचे कर्तव्य आहे. आमच्याकडे देवचाराला वर्षाकाठी राखण देतात. त्यात रोट असतो, विडी असते, सोरोही असतो. सीम सांभाळणाऱ्याची ही मजुरी होय. पेडण्यात कोजागरीच्या रात्री जी पुनव होते, तिच्यामागची भूतनाथाची कथा तर याहून बोलकी आहे. एका रात्रीत आपले देऊळ बांधून द्यावे असा भूतनाथाचा हट्ट, आणि आज बांधतो, उद्या बांधतो हे गावाचे आश्वासन. रक्षणकर्ता रागावतो, धावत सुटतो, आणि गाव त्याची समजूत काढते. देव गावाचा धनको आहे आणि गाव त्याचे लबाड पण प्रेमळ ऋणको आहे. शिवाय देवाला कौल लावता येतो, गाऱ्हाणे घालता येते, प्रसंगी त्याच्याशी भांडताही येते.

चित्रकथेतल्या वेताळावर कुणाचे ऋण नाही, आणि त्याचेही ऋण कुणी फेडीत नाही. बांदर जमातीचे लोक त्याची सेवा करतात, त्याला भितात, त्याच्या म्हणी बनवतात. पण त्याला कौल लावण्याची सोय त्यांना नाही. त्याने दिलेला न्याय चुकला तर गाऱ्हाणे कुठे घालायचे? त्याचा कायदा त्याच्या शपथेतून निघतो, गावाच्या गरजेतून निघत नाही. तो चांगला आहे, हे वाचकाचे भाग्य; चांगला नसता तर त्याला रोखणारे त्या रानात कोणीही नव्हते. अतिमानवी नायकाच्या कथेतला हा मूलभूत दोष आहे असे आम्हांला वाटते. १९३८ साली आलेल्या सुपरमॅनपासून तो त्या कथेला चिकटलेला आहे.

हा दोष सगळ्यांत सारखा नाही, हेही मान्य केले पाहिजे. १९६२ साली अवतरलेला स्पायडर-मॅन आम्हांला अधिक जवळचा वाटतो. त्याला पैशाची चणचण असते, आपल्या चुकीने काका गेला ही बोच असते. शक्तीबरोबर येणारी जबाबदारी त्याला ओझ्यासारखी वाहावी लागते. त्याच्याही चपला झिजतात, असे म्हणता येईल. म्हणून २००४ साली त्याचा भारतीय अवतार निघाला तेव्हा आमची अपेक्षा वाढली होती. मुंबईतला पवित्र प्रभाकर, त्याला शक्ती देणारा योगी, अंगावर धोतर अशी ती मांडणी होती. तिने आमची निराशा केली. वेष बदलला, शहर बदलले, पण कथेच्या सांध्यात नवे काही आले नाही. धोतर नेसवल्याने नायक आपला होत असता, तर अनुवादाचे काम शिंप्याकडे सोपवता आले असते. हाच पवित्र प्रभाकर २०२३ साली एका अमेरिकन चित्रपटातून परत आला. तो चित्रपट मराठीतही ध्वनिमुद्रित होऊन दाखवला गेला. तिथे तो अधिक हसरा, अधिक जिवंत वाटला. आपल्या शहराविषयी तो थट्टेने आणि लडिवाळपणे बोलतो. नायकाचे गावाशी नाते आहे हे पटायला एवढेही पुरते.

येथे भाषेचा मुद्दा येतो. इंद्रजालच्या फुग्यांतले मराठी शुद्ध होते, पण एकसुरी होते. वेताळ, चाचा, रानातला म्हातारा आणि शहरातला अधिकारी सारेच एका साच्यातले बोलत. आमच्या दशावतारात असे होत नाही. देव आणि राजे पल्लेदार मराठीत बोलतात. काळ्या पोशाखातला, काळा बुरखा घातलेला संकासुर मात्र बोलीत बोलतो आणि सभा जिंकतो. वेद चोरणारा असुर प्रेक्षकांचा इतका लाडका का, याचे निम्मे उत्तर त्याच्या बोलीत आहे. मुखवटा घातलेल्या पात्राला कोणती भाषा द्यावी, हा प्रश्न आमच्या नटांनी देवळाच्या प्रांगणात, लिखित संहितेवाचून, केव्हाच सोडवला आहे. चित्रकथाकारांनी तो अजून स्वतःला विचारलेलाही नाही.

कोणी म्हणेल, मुलांच्या करमणुकीवर एवढा भार कशाला? आमचे उत्तर असे. रक्षणकर्ता कसा असतो याचे पहिले चित्र मुलाच्या मनात अशाच कथांतून उमटते. रक्षणकर्ता बाहेरून येतो, एकटा असतो, त्याला कुणाला विचारावे लागत नाही, असे ते चित्र असेल, तर मोठेपणी ते मूल राखणदाराची वाट पाहत बसेल. आमच्या तालुक्यांना ही चैन परवडणारी नाही. डिचोलीत २०१२ साली थांबलेल्या खाणींनी कोरलेले डोंगर अजून उघडे आहेत. पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२२ साली विमानतळ उभा राहिला, आणि सीमेच्या अर्थापासून जमिनीच्या भावापर्यंत सारे बदलले. सीम कुणी राखायची, हा प्रश्न आज श्रद्धेपुरता उरलेला नाही. अशा वेळी गावाला झिजणारा, मजुरी मागणारा, जाब देणारा राखणदारच अधिक उपयोगी पडेल.

शिक्षकबंधूंना आमची विनंती एवढीच आहे, की मुलांच्या हातचे अंक हिसकावू नयेत. त्यांच्याशेजारी वेतोबाच्या चपला ठेवाव्यात. आपल्या गावचा राखणदार कोण, तो कुठून कुठवर फिरतो, त्याला वर्षाला काय द्यावे लागते, आणि त्याचे आपल्याकडे काय येणे बाकी आहे, याची आठ चौकटींची चित्रकथा मुलांकडून काढून घ्यावी. त्यांतल्या बहुतेक कथा सामान्य निघतील. पण एखाद्या चौकटीत रात्रीच्या खाणीच्या काठावर उभा राहून, आता इथून पुढे वाट कुठे, असे बोलीत विचारणारा वेताळ दिसला, तर इंद्रजालच्या अनुवादकाने साठ वर्षांपूर्वी उसने दिलेले आमचे नाव आम्हांला व्याजासह परत मिळाले, असे आम्ही समजू.