न उभारलेल्या गगनचुंबी इमारती व त्यांची साक्ष

(१) शहराचा इतिहास लिहिणारा मनुष्य बहुधा उभ्या असलेल्या अगर पडून गेलेल्या इमारतींचा विचार करतो. जी इमारत मुळांत उठलीच नाहीं, तिला तो आपल्या दप्तरांत जागा देत नाहीं. याच्या उलट अशी एक हौस अलीकडे वाढली आहे. एखाद्या मोठ्या शहराचें चित्र घ्यावयाचें, त्या शहरासाठीं निरनिराळ्या काळीं कल्पिलेले पण न बांधलेले सर्व मनोरे त्यांत एकत्र उभे करावयाचे, आणि हें शहर असें दिसलें असतें, असें पाहणारास सांगावयाचें. पहिला पक्ष कागदावरील इमारतीस शून्य लेखतो. दुसरा तिला दगडापोलादाच्या इमारतीइतकीच खरी मानतो. आमच्या मतें दोन्ही पक्षांची दृष्टि एकांगी आहे. ती कशी, हें शिकागो व मॉस्को या दोन शहरांच्या उदाहरणांवरून येथें तपासावयाचें आहे.

(२) आराखडा हा कोणत्या जातीचा कागद आहे, हा यांतील पहिला प्रश्न होय. जुनीं दप्तरें चाळणारास हा भेद नवा नाहीं. शिक्क्याची अस्सल सनद, तिची नक्कल आणि कधींच रवाना न झालेला कच्चा खर्डा हे तिन्ही कागद एकाच रुमालांत सांपडतात. पण तिहींची साक्ष सारखी नव्हे. रवाना न झालेला खर्डा हा घडलेल्या गोष्टीचा पुरावा होऊं शकत नाहीं. मात्र तो लिहिणाराच्या हेतूचा अस्सल पुरावा असतो, आणि कित्येकदां रवाना झालेल्या पत्रापेक्षांहि तो हेतु अधिक उघड करून दाखवितो. न बांधलेल्या इमारतीचा आराखडा या खर्ड्याच्याच जातीचा आहे. त्यास फेंकून देणें जितकें गैर, तितकेंच त्यास सनद म्हणून मिरविणेंहि गैर.

(३) शिकागोच्या 'ट्रिब्यून' या दैनिकानें आपल्या कचेरीच्या नव्या इमारतीसाठीं १० जून १९२२ रोजीं जागतिक स्पर्धा जाहीर केली. तीसाठीं एकंदर १,००,००० डॉलर राखून ठेविले होते. पैकीं पहिलें बक्षीस ५०,००० डॉलरांचें, दुसरें २०,००० चें व तिसरें १०,००० चें होतें. २३ देशांतून २६० हून अधिक आराखडे आले. परीक्षक पांच होते. त्यांत वास्तुशास्त्रज्ञ एकच, बाकीचे चौघे वृत्तपत्राच्या बाजूचे. पहिलें बक्षीस जॉन मीड हॉवेल्स व रेमंड हूड यांच्या गॉथिक धर्तीच्या मनोऱ्यास मिळालें, व ती इमारत १९२५ सालीं पुरी झाली. दुसरें बक्षीस फिनलंडचे एलिएल सारिनेन यांस मिळालें. व्हिएन्नाचे आडोल्फ लोस यांनीं एक प्रचंड डोरिक स्तंभच इमारत म्हणून पाठविला होता. वॉल्टर ग्रोपियस व आडोल्फ मायर यांनीं अलंकाररहित चौकटींचा मनोरा सुचविला होता. वृत्तपत्रानें हे आराखडे १९२३ सालीं ग्रंथरूपानें छापून काढले, ही इतिहासाच्या दृष्टीनें मोठी उपकारक गोष्ट झाली.

आतां हे सर्व मनोरे एका चित्रांत ओळीनें उभे केले तर काय होतें, तें पाहावें. हे सर्व मिशिगन अॅव्हेन्यूवरील एकाच जागेसाठीं काढलेले होते. सारिनेन यांचा मनोरा उठावयाचा तर हॉवेल्स व हूड यांचा उठावयास नको. लोस यांचा स्तंभ उठावयाचा तर दोन्ही नकोत. जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते त्यांस शेजारी करून बसविलें म्हणजे स्पर्धेचा सर्व अर्थच नाहींसा होतो. एकाच गादीसाठीं भांडलेल्या दोन वारसदारांस एकाच दरबारांत दोन सिंहासनांवर बसवून दाखविणारी बखर कोणी लिहिली, तर तिची जी किंमत आपण करूं, तीच अशा चित्राची करावयास हवी.

(४) तथापि सारिनेन यांचा आराखडा निष्फळ झाला असें म्हणतां येत नाहीं. फेब्रुवारी १९२३ मध्यें शिकागोचे वृद्ध वास्तुकार लुई सलिव्हन यांनीं 'आर्किटेक्चरल रेकॉर्ड' या मासिकांत लिहून, दुसऱ्या क्रमांकाचा आराखडा पहिल्याहून श्रेष्ठ असल्याचा निकाल दिला. सारिनेन १९२३ सालींच अमेरिकेस गेले व पुढें तेथेंच त्यांनीं अध्यापनाचें व बांधणीचें कार्य केलें. पायरीपायरीनें मागें सरत वर जाणारा त्यांचा मनोरा शिकागोंत उठला नाहीं. परंतु ह्यूस्टन येथील १९२९ सालच्या गल्फ बिल्डिंगमध्यें त्याची छाया स्पष्ट दिसते. एका शहरांत हरलेला खर्डा दुसऱ्या शहरांत वहिवाटींत आला, असा हा प्रकार आहे. केवळ शिकागोची आकाशरेषा न्याहाळणारास तो कधींच कळावयाचा नाहीं.

येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत ठेवावा. सलिव्हन यांनीं तुलना केली त्या वेळीं दोन्ही मनोरे कागदावरच होते. त्यांनीं चित्राशीं चित्र ताडून पाहिलें, म्हणून त्यांची तुलना न्यायाची होती. पुढील टीकाकार मात्र सारिनेन यांचें चित्र हॉवेल्स व हूड यांच्या उभ्या इमारतीशीं ताडतात, आणि इमारतीस हिणवितात. ही तुलना विषम आहे. न बांधलेल्या इमारतीचें छप्पर गळत नाहीं, तिच्या दगडावर काजळी बसत नाहीं, तिचें भाडें थकत नाहीं. ट्रिब्यूनची उभी इमारत २०१६ सालीं विकली गेली, २०१८ सालीं वृत्तपत्रानें ती सोडली, आणि नंतर तिच्यांत राहण्याचीं बिऱ्हाडें काढण्यांत आलीं. इतक्या उलाढालींतून गेलेल्या वास्तूस कधींच न जन्मलेल्या वास्तूच्या निष्कलंकपणाशीं झगडावयास लावणें हा इतिहासाचा न्याय नव्हे.

(५) दुसरी जात निव्वळ घोषणेची. १९५६ सालीं फ्रँक लॉइड राइट यांनीं शिकागोसाठीं 'इलिनॉय' नांवाचा एक मैल उंचीचा मनोरा जाहीर केला. उंची ५,२८० फूट, मजले ५२८, आणि अणुशक्तीवर चालणारे ७६ पाळणे. भागाकार करून पाहिला तर मजल्यास नेमके १० फूट पडतात. इतका नेटका हिशेब मोजणी करणाऱ्या इंजिनियराचा नसतो. तो घोषणा करणाराचा असतो. त्या काळीं जगांत सर्वांत उंच असलेली न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत १,२५० फुटांची होती. म्हणजे ही उडी चौपटीहून अधिक. २०१० सालीं पुरी झालेली दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे. तीहि या मैलाच्या निम्म्याहून किंचित् अधिक एवढीच भरते. सबब 'इलिनॉय' ही बांधावयाची राहून गेलेली इमारत नव्हे. शहरानें पसरत न जातां एका ठिकाणीं उंच व्हावें आणि भोंवतालची जमीन मोकळी राहावी, हें मत सांगण्यासाठीं काढलेली ती एक आकृति होती. तिचें परीक्षण मत म्हणून करावें. हुकलेली वास्तु म्हणून करूं नये.

राइट यांच्याच दुसऱ्या कागदाची गति निराळी झाली. १९२९ सालीं त्यांनीं न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चच्या जागेसाठीं, मधल्या खोडास फांद्यांप्रमाणें मजले जोडलेले मनोरे कल्पिले होते. ते तेथें उठले नाहींत. पण तीच कल्पना बदलून त्यांनीं ओक्लाहोमांतील बार्टल्सव्हिल या लहान गांवीं १९ मजल्यांची प्राइस टॉवर म्हणून बांधून काढली, आणि तीहि १९५६ सालींच पुरी झाली. न्यूयॉर्कच्या काल्पनिक चित्रांत हे मनोरे न बांधलेले म्हणून नोंदले जातील. परंतु खऱ्या इतिहासांत त्यांनीं केवळ गांव बदललें आहे.

(६) तिसरी जात आरंभ करून सोडलेल्या कामाची. सांतियागो कालात्राव्हा यांनीं शिकागोच्या सरोवराकांठीं १५० मजल्यांचा, २,००० फूट उंचीचा पीळदार मनोरा आखला. २००७ सालीं पाया खणण्यास प्रारंभ झाला. २००८ च्या जागतिक आर्थिक संकटांत काम थांबलें. मागें राहिला तो ७६ फूट खोल गोल खड्डा. पुष्कळ वर्षांनीं त्या जागेवर दुसऱ्याच आराखड्याचें काम हातीं घेण्यांत आलें. आकाशांतील पिळापेक्षां जमिनींतील त्या खड्ड्याची साक्ष आम्हांस अधिक मोलाची वाटते. कारण कर्जावर उभारावयाच्या शहराचें स्वरूप तो अलंकाराशिवाय सांगतो. काल्पनिक आकाशरेषेच्या चित्रांत मनोरा येतो, खड्डा मात्र कधींच येत नाहीं.

(७) चौथी जात सर्वांत गंभीर आहे, आणि तिच्यासाठीं मॉस्कोकडे वळलें पाहिजे. १८१२ च्या विजयाच्या स्मरणार्थ बांधलेलें व १८८३ सालीं प्रतिष्ठित झालेलें तारणहार ख्रिस्ताचें महामंदिर ५ डिसेंबर १९३१ रोजीं सुरुंगानें उडविण्यांत आलें. त्या जागीं सोव्हिएतांचा प्रासाद उठावयाचा होता. मोठ्या स्पर्धेनंतर १९३३ सालीं बोरिस इओफान यांचा आराखडा आधारभूत म्हणून स्वीकारला गेला. पुढें व्लादिमिर श्चुको व गेल्फ्राइख यांच्या साहाय्यानें तो ४१५ मीटरपर्यंत वाढला, आणि शिखरावर लेनिनचा प्रचंड पुतळा कल्पिला गेला. पाया १९३९ सालीं पुरा झाला. १९४१ सालीं युद्ध आलें, आणि उभें केलेलें पोलाद उतरवून संरक्षणाच्या कामीं लावण्यांत आलें. १९६० सालीं त्या खळग्यांत पोहण्याचा उघडा तलाव सुरू झाला. पुढें तोहि मोडला, व महामंदिर पुन्हां बांधून २००० सालीं प्रतिष्ठित झालें.

सोव्हिएतांचा प्रासाद न बांधलेला खरा. पण तो निरुपद्रवी मुळींच नव्हे. त्यानें एक उभी वास्तु खाल्ली. १९३५ सालीं उघडलेल्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकास त्याचें नांव मिळालें, आणि १९५७ पर्यंत उतारू नसलेल्या प्रासादाच्या नांवानें उतरत राहिले. कागद हा निर्दोष असतो, ही समजूत येथें साफ खोटी ठरते. काल्पनिक आकाशरेषा रंगविणारा चित्रकार या प्रासादास मॉस्कोच्या आकाशांत उभा करतो, तेव्हां तो पाडलेल्या मंदिरावर पांढरा रंग फिरवितो. कारण एकाच जागेवर दोघांस दाखवितां येत नाहीं. चित्रांत काय आलें एवढेंच न पाहतां, तें येण्यासाठीं काय पुसलें गेलें, हें विचारणें टीकाकाराचें कर्तव्य आहे.

(८) या प्रासादाचा दुसरा परिणाम तितकाच बोधप्रद आहे. १९४७ सालीं मॉस्कोंत आठ उंच इमारती बांधण्याचें ठरलें. त्यांपैकीं सात १९५७ पर्यंत उठल्या. मध्यभागीं सोव्हिएतांचा प्रासाद सर्वांहून उंच असेल, हें गृहीत धरून या शहराची मांडणी चालली होती. परिघ बांधला गेला, मध्यबिंदु बांधलाच गेला नाहीं. म्हणून मॉस्कोची आज दिसणारी आकाशरेषा त्या न बांधलेल्या इमारतीशिवाय नीट वाचतां येत नाहीं. आठवी इमारत द्मित्री चेचुलिन यांनीं झार्यादये भागांत आखली होती. तिच्या चौथऱ्यावर १९६७ सालीं 'रोस्सिया' हें हॉटेल झालें, २००६ पासून तें पाडण्यांत आलें, व २०१७ सालीं तेथें उद्यान झालें. कागदावरील इमारतीस शून्य लेखणाऱ्या पहिल्या पक्षास हें एकच उदाहरण पुरेसें उत्तर आहे.

(९) काल्पनिक चित्रांचे कैवारी असें म्हणतील कीं, तीं चित्रें विनोदासाठीं आहेत. शिवाय उभें शहर हेंच एकमेव शक्य शहर नव्हतें, हा धडा त्यांतून मिळतो. या म्हणण्यांतील दुसरा भाग आम्हांस मान्य आहे, आणि तो लहान नाहीं. जें झालें तें होणारच होतें, या आळशी समजुतीवर असा उतारा हवाच. परंतु तो धडा नीट मिळावयाचा तर निवड दाखविली पाहिजे. सर्वच मनोरे एकत्र उभे केले म्हणजे निवड उरत नाहीं, नुसती रास उरते. प्रत्येक निवडीबरोबर कांहीं तरी टाकावें लागलें, कोणाची तरी जागा गेली, कोणाचा तरी पैसा बुडाला, हा इतिहासाचा गाभा त्या राशीखालीं गाडला जातो. आणि विनोद म्हणून काढलेलें चित्र चार हातांतून फिरलें म्हणजे पुरावा म्हणून वावरूं लागतें, हा अनुभव बखरींच्या बाबतींत इतिहासकारांस चांगलाच आलेला आहे.

(१०) सारांश, न उभारलेली इमारत इतिहासांत घेतांना तिला चार प्रश्न विचारावे. तिच्यामागें जागा, धनी व पैसा होता, कीं ती केवळ मत सांगण्यासाठीं होती? तीच जागा मागणारे दुसरे आराखडे कोणते होते? तिच्यासाठीं जमिनीवर काय खणलें गेलें, अगर काय पाडलें गेलें? आणि ती न उठतांहि तिची छाया दुसऱ्या कोणत्या इमारतीवर, गांवावर अगर नांवावर पडली? या चार प्रश्नांचीं उत्तरें तारखांनिशीं मिळाली, म्हणजे सारिनेन यांचा मनोरा, राइट यांचा मैल, कालात्राव्हा यांचा खड्डा व इओफान यांचा प्रासाद हीं चार सर्वस्वीं भिन्न प्रकरणें आहेत, हें आपोआप दिसून येतें. त्यांस एका आकाशाखालीं उभें करणें सोपें आहे. त्यांस ज्याच्या त्याच्या जमिनीवर परत नेऊन उभें करणें, हें संशोधनाचें काम होय.