‘जेली’ आणि ‘नामू’ : माली राज्याच्या साधनांचे एक परीक्षण

पश्चिम आफ्रिकेतील मध्ययुगीन माली राज्यासंबंधी जे लेखन होते, त्यात साधनांची विभागणी बहुधा एका ठराविक पद्धतीने केलेली आढळते. एका बाजूस अरबी ग्रंथकारांचे लिखित वृत्तांत ठेवावयाचे व त्यांस ‘इतिहास’ म्हणावयाचे. दुसऱ्या बाजूस सुन्जाता या संस्थापक राजाची मौखिक महाकथा ठेवावयाची व तिला ‘वाङ्‌मय’ म्हणावयाचे. पहिल्यावरून सोने, मीठ आणि व्यापार यांची माहिती घ्यावयाची, दुसऱ्यातून लोकांच्या कल्पना व भावना शोधावयाच्या. ही विभागणी सोयीची आहे यात शंका नाही. परंतु ती त्या त्या संहितांच्या स्वरूपावर आधारलेली आहे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. दोन्ही प्रकारची साधने मुळात ऐकलेली वाणी आहेत आणि म्हणून दोहोंना एकच कसोटी लावली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम अरबी साधने पाहू. अल्-उमरी याने मालीचा जो प्रसिद्ध वृत्तांत लिहिला, तो मालीस न जाता लिहिला. मन्सा मूसा हा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोस आला, त्यानंतर काही वर्षांनी अल्-उमरी तेथील लोकांकडून हकिगती गोळा करीत होता. मूसाच्या आगमनापूर्वी सोन्याच्या मिस्कालाचा भाव २५ दिरहमांच्या खाली जात नसे, नंतर तो २२ च्याही खाली आला, हा त्याने नोंदविलेला तपशील आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतो. तो कैरोच्या बाजारातील लोकांच्या तोंडून आलेला आहे. मालीच्या अंतर्भागाविषयीची त्याची पुष्कळशी माहिती अद्-दुक्काली नावाच्या, तेथे ३५ वर्षे राहिलेल्या एका शेखने सांगितलेली आहे. इब्न खल्दून यानेही माली कधी पाहिले नाही. त्याने दिलेल्या राजावळीसाठी त्याचा एक प्रमुख आधार म्हणजे घाना येथील शेख उस्मान हा विद्वान होय. त्याची भेट १३९४ मध्ये इजिप्तमध्ये झाली. म्हणजे ज्या राजावळीवर आधुनिक कालगणना उभी आहे, ती एका वृद्ध विद्वानाने सांगितली व दुसऱ्याने लिहून घेतली.

स्वतः माली पाहिलेला एकच मोठा ग्रंथकार म्हणजे इब्न बतूता. तो १३५२ च्या जूनमध्ये मन्सा सुलेमानच्या राजधानीत पोहोचला व पुढील वर्षाच्या आरंभी तेथून निघाला. परंतु त्याचा प्रवासग्रंथही त्याने तोंडी सांगितला आणि इब्न जुझय्य याने १३५५ च्या अखेरीस तो सिद्ध केला. लिखित साधनांतील सर्वांत प्रत्यक्षदर्शी साधन हेही अशा रीतीने एका कथनकाराचे आणि एका लेखकाचे संयुक्त कार्य ठरते.

याच ग्रंथात आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा असा एक प्रसंग आहे. मन्साच्या दरबारात दुगा नावाचा दुभाषा होता. राजाशी ज्यास बोलावयाचे असेल त्याने दुगाशी बोलावे, दुगाने तिसऱ्या एका माणसाशी आणि त्याने राजाशी, असा तेथील शिरस्ता होता. हाच दुगा सणाच्या दिवशी वेताचे व खाली लहान भोपळे लावलेले वाद्य वाजवून राजाच्या पराक्रमाची गीते गाई. त्यानंतर पक्ष्याचे सोंग घेतलेले, पिसांचा वेष व लाल चोचीचा मुखवटा धारण केलेले कवी पुढे येत आणि या आसनावर पूर्वी कोण बसले व त्यांनी कोणती सत्कृत्ये केली ते राजास ऐकवून, त्यानेही तसेच करावे, असे सांगत. ही चाल इस्लामपूर्व असल्याचे इब्न बतूतास सांगण्यात आले. त्याला हे दृश्य हास्यास्पद वाटले. मात्र त्या कवींचे स्थानिक नाव त्याने नोंदवून ठेवले: एकवचनी ‘जाली’. आजच्या मान्दे भाषांतील ‘जेली’ किंवा ‘जाली’ हाच तो शब्द. ज्या वर्गाने सुन्जाताची महाकथा आजवर जतन केली, त्याची साक्ष अशा रीतीने चौदाव्या शतकातील अरबी ग्रंथातच, त्याच्या स्वतःच्या नावानिशी सापडते.

या शब्दाचे भाषांतर ‘भाट’ किंवा ‘शाहीर’ असे करण्याचा मोह मराठी अभ्यासकास होणे स्वाभाविक आहे. परंतु दोन्ही शब्द अपुरे आहेत. ‘भाट’ या शब्दास खुशामतीचा वास आहे, तर ‘शाहीर’ हा शब्द केवळ रचना व गायन सुचवितो. जेली हा वंशपरंपरेने वाणीचा अधिकारी असतो. राजाचे बोलणे जनतेपर्यंत व जनतेचे राजापर्यंत तोच नेतो, तंट्यात मध्यस्थी करतो आणि कीर्ती व अपकीर्ती या दोन्ही त्याच्या हाती असतात. येथे एक गमतीची गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. राजाकडून आलेला पाहुणचार म्हणजे तीन भाकऱ्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि भोपळ्यातून आंबट दूध एवढाच, हे पाहून इब्न बतूता हसला. पुढे त्याने दुगाच्या सल्ल्याने राजासमोर उभे राहून विचारले, की इतर सुलतानांपुढे मी तुमच्याविषयी काय सांगावे? त्यानंतर त्याची व्यवस्था सुधारली. ज्या कवींना तो हसला, त्यांचेच शस्त्र त्याने येथे वापरले.

आता महाकथेकडे वळू. बाहेरच्या जगास ती मुख्यतः जिब्रिल तामसिर नियान यांच्या १९६० मधील फ्रेंच पुस्तकामुळे माहीत झाली. १९६५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. आपल्याकडील विद्यार्थी बहुधा हे भाषांतरच वाचतात. गिनीतील मामादू कुयाते या जेलीचे कथन नियान यांनी या पुस्तकात दिले. वसाहतींचे राज्य संपत असताना आफ्रिकेला स्वतःचा इतिहास स्वतःच्या तोंडून सांगता येतो हे त्यांनी दाखविले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि समीक्षकाने हे सांगितले पाहिजे, की या पुस्तकातील ओघवते, प्रकरणांत विभागलेले गद्य हे कुयाते यांचे नव्हे, ते नियान यांचे आहे. लेखनामुळे स्मरणशक्ती क्षीण होते अशी तक्रार या पुस्तकातील जेली करतो. ती तक्रार आपण छापील फ्रेंचमध्ये, किंवा तिच्या इंग्रजी छायेत वाचतो. मूळ बोलीतील एकही वाक्य आपल्या हाती येत नाही.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही उणीव गौण नाही. गॉर्डन इन्स यांनी १९७४ मध्ये गांबियातील तीन मान्दिंका कथने मूळ भाषेसह प्रसिद्ध केली आणि दाखवून दिले, की जेलीचे कथन साधे बोलणे, पठण आणि गायन अशा तीन पद्धतींतून चालते. कथा पुढे नेण्यास एक पद्धत, स्तुती व वंशावळी यांस दुसरी, तर गीतांस तिसरी. गद्यात या तिन्ही एकजीव होतात आणि कोणता मजकूर स्थिर व कोणता त्या दिवशीच्या सभेपुरता, हे कळण्याचे साधनच नष्ट होते. या उणिवेचा परिणाम सिद्धांतावरही झाला. रूथ फिनेगन यांनी १९७० मध्ये, सहाराच्या दक्षिणेस खरे महाकाव्य जवळजवळ आढळतच नाही, असा निष्कर्ष काढला होता. त्यांच्यासमोर जी छापील सामग्री होती तीत पुष्कळ गद्यरूप होती, हे लक्षात घेता त्या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही. चूक वाङ्‌मयप्रकारात नव्हती. ती ते वाङ्‌मय छापण्याच्या रीतीत होती.

जॉन विल्यम जॉन्सन यांनी फा-दिगी सिसोको या जेलीचे, १९६८ मध्ये मालीतील किता येथे ध्वनिमुद्रित झालेले कथन १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात ओळींची विभागणी राखली आहे आणि शेजारी बसून हुंकार देणाऱ्या सहायकाचे शब्दही छापले आहेत. तो सहायक वारंवार ‘नामू’ म्हणतो. म्हणजे ‘होय, खरे’. हा शब्द अरबी ‘नअम’ पासून आलेला आहे. ज्या महाकथेस आपण अरबी लेखनाच्या विरुद्ध टोकाला ठेवतो, तिच्या तालातच अरबी शब्द बसलेला आहे. आणि ज्या अरबी ग्रंथास आपण बाहेरच्याचा वृत्तांत म्हणतो, त्यात ‘जाली’ हा मान्दे शब्द आहे. सहाराच्या व्यापाराने केवळ मीठ आणि सोने यांची अदलाबदल केली नाही, हे या दोन शब्दांइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

व्यापाराचा विषय निघाला आहे तर दोन्ही साधने बाजाराकडे कशी पाहतात तेही पाहण्यासारखे आहे. इब्न बतूताने तघाझा येथील मिठाच्या लाद्यांची, उंटाच्या कातड्याने शाकारलेली घरे पाहिली. एका उंटाच्या ओझ्याएवढे मीठ वलाता येथे ८ ते १० मिस्कालांस, तर मालीच्या नगरात २० ते ३० व प्रसंगी ४० मिस्कालांस विकले जाते, असे तो सांगतो. हा व्यापाऱ्याच्या नजरेचा बाजार होय. नियान यांच्या संहितेत राज्याच्या वैभवाचे उल्लेख आहेत, पण असे भाव नाहीत. जगप्रसिद्ध मन्सा मूसाही तेथे शेवटी ओझरता येऊन जातो. तेथील निर्णायक बाजार वेगळाच आहे. निर्वासित सुन्जाताची बहीण मेमाच्या बाजारात जाते आणि तिला बाओबाबची पाने व आपल्या देशच्या भाज्या विकणारी एक बाई दिसते. परदेशात न मिळणारा हा जिन्नस पाहून ती ओळखते, की मायदेशचे लोक आपल्याला शोधीत आले आहेत. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच; हा वृक्षही आफ्रिकेतूनच आपल्या किनाऱ्यावर आला. एका साधनात वस्तूला किंमत आहे, दुसऱ्यात तीच वस्तू निरोप होते. व्यापारी राज्याची संस्कृती समजून घ्यावयाची तर दोन्ही बाजार हवेत.

यावर असा आक्षेप येईल, की मग सर्व साधने सारख्याच मोलाची मानावयाची काय? तसे मुळीच नाही. कसोटी एक असली म्हणजे उत्तरे एक येतात असे नव्हे. कोण बोलतो, कोणापुढे, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या लेखणीतून, हे प्रश्न दोघांस विचारावेत. अरबी वृत्तांत एकदाच लिहिला गेला व तेथेच थांबला. म्हणून काळ व भाव यांविषयी त्याची साक्ष अधिक बळकट आहे. महाकथा प्रत्येक पिढीत नव्याने उच्चारली गेली. म्हणून तिच्यातील प्रत्येक तपशील तेराव्या शतकाचा मानणे धोक्याचे आहे. गांबियातील कथनांत तिरामाखान या सेनापतीस जे महत्त्व मिळते, त्याचे कारण पश्चिमेकडील मान्दिंका घराणी आपले मूळ त्याच्याशी जोडतात, हे होय. उलट इब्न खल्दून संस्थापकास ‘मारी जाता’ म्हणतो, ‘जाता’ म्हणजे सिंह असा अर्थ देतो आणि त्याने सुसू लोकांचा पराभव केल्याचे सांगतो. महाकथेतील सोसोच्या राजावरील विजयाशी हे जुळते. दूर अंतरावरील दोन तोंडांतून आलेली साक्ष अशी जुळली म्हणजे तिचे बळ वाढते. मात्र तिचे बळ जुळण्यात आहे, त्यांपैकी एक लिहिलेली आहे यात नाही.

यावरून अध्यापनासंबंधी एक सूचना करावीशी वाटते. नियान यांचे पुस्तक अभ्यासक्रमात अवश्य असावे. पण ते ‘महाकथा’ म्हणून न शिकविता, १९६० मधील एका इतिहासकाराने केलेली तिची गद्य पुनर्रचना म्हणून शिकवावे, आणि त्याच्याशेजारी इन्स अथवा जॉन्सन यांच्या संहितेतील निदान एक भाग मूळ ओळींसह वाचावा. त्याचप्रमाणे इब्न बतूतातील दुगाचा प्रसंग इतिहासाच्या तासापुरता न ठेवता वाङ्‌मयाच्या तासालाही घ्यावा. ज्या समाजात राजाचा शब्दही दुसऱ्याच्या मुखातून बाहेर पडत असे, त्या समाजाच्या साधनांतून मध्यस्थाचे मुख वगळून निखळ सत्य काढू पाहणे व्यर्थ आहे. ते मुख कोणाचे, हे ओळखणे हेच येथे समीक्षेचे पहिले काम होय.